हळद लाल का होते?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत चैत्रातलं हळदीकुंकू अजून होतं. आंब्याची डाळ, पन्हं, आणि तबकात पिवळ्या हळदीशेजारी लाल कुंकू. आता बाजारात कृत्रिम रंगाचं कुंकूही भरपूर मिळतं, पण जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळदच, चुन्यासारख्या अल्कलीने (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाने) लाल केलेली.

हळदीचा पिवळेपणा करक्युमिन या रेणूचा. त्याच्या दोन टोकांना सहा-सहा कार्बनची कडी आणि मधे सात कार्बनची साखळी. कागदावर काढताना आपण त्यात एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी असे बंध आखतो. ही आखणी रेणूला मात्र मान्य नसते.

कडी कशी असतात ते बेंझीन या सहा कार्बनच्या रेणूवरून कळतं. केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये बेंझीनचं कडं मांडलं. कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण १५४ पिकोमीटरचा, दुहेरी १३४ चा. मग कड्यात तीन बंध लांब आणि तीन आखूड हवेत. मोजले तर सहाही सारखे, सुमारे १३९! दुहेरी बंधांतले इलेक्ट्रॉन कुणा दोन अणूंचे राहिलेलेच नसतात, ते सगळ्या कड्यावर पसरलेले असतात. रेझोनन्स म्हणतात तो हाच. पुस्तकात दुहेरी बंधांच्या जागा बदलून काढलेल्या दोन आकृत्यांमध्ये दोन टोकांचा बाण काढतात, तो मला फार फसवा वाटतो. रेणू एका आकृतीतून दुसरीत उड्या मारत नाही. दोन्ही आकृत्या अपुऱ्या असतात, एवढाच त्याचा अर्थ.

पसरल्यामुळे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी होते, रेणू टिकाऊ होतो. आणि एकाआड एक दुहेरी बंधांची अशी साखळी जितकी लांब, तितक्या कमी ऊर्जेच्या प्रकाशाने तिचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात. एकट्या बेंझीनला त्यासाठी अतिनील किरण लागतात, म्हणून ते रंगहीन. करक्युमिनला निळा प्रकाश पुरतो. निळा शोषला गेला की डोळ्यांपर्यंत पिवळा येतो.

चुना लागला की करक्युमिनच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन निघून जातो. मागे राहिलेला ऋण प्रभार एका ऑक्सिजनवर बसून न राहता साखळीभर पसरतो. आता आणखी कमी ऊर्जेचा, हिरव्याकडचा प्रकाशही शोषला जातो आणि हळद लाल दिसते. वरणाच्या डागाला अल्कली असलेला साबण लावल्यावर तो लाल होतो, तोही याच कारणाने. त्यावर लिंबू पिळा, हायड्रोजन परत मिळतो, डाग पुन्हा पिवळा. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यावरचा डाग मात्र फिका पडतो, कारण तिथे साखळीच तुटते. मग लिंबू पिळून काही होत नाही.