कॉमर्स नाही, म्हणून सीए नाही?

सातारा-सांगलीकडे अकरावीचे प्रवेश आले की मेसेज फिरतोच: ‘सीए व्हायचं तर कॉमर्सच घ्या.’ तसं नाही. कुठल्याही शाखेतून बारावी पास झालं की फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसता येतं. सीएच्या माहितीपत्रकात फाउंडेशनची पात्रता वाचा, शाखेची अट सापडणार नाही. पदवीनंतर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला, म्हणजे पुढच्या टप्प्याला, जाताना मात्र फरक आहे: कॉमर्सला ५५ टक्के, बहुतेक इतर पदव्यांना ६०.

समज रुजला तो हिशेबाच्या पेपरमुळे, आणि ती भीती अगदीच खोटी नव्हे. फाउंडेशनला चार पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात किमान ४० आणि एकूण २०० हवेत. बाकी तिन्हींत ८० पडले आणि हिशेबात ३९, तरी नापास. त्यामुळे आर्ट्स-सायन्सवाल्यांनी अकरावी कॉमर्सचं पुस्तक घेऊन रोजकीर्द, खतावणी, तेरीज ही हिशेबाची पायाभूत प्रकरणं आधी हातानं सोडवावीत.