न दुखणारा सांधा

पाऊल टम्म सुजलंय, कातडी लाल झालीय, हात लावला तर गरम लागतंय. आणि माणूस स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलाय. 'दुखत नाही हो फारसं, नुसती सूज उतरत नाही.' पंधरा वर्षांची शुगर असलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं, तर मला त्या सुजेपेक्षा 'दुखत नाही' या शब्दांचीच धास्ती वाटते.

अशा पायाला बहुतेक वेळा आधी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक मिळतं. मग गाउट (यूरिक अॅसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार) असेल म्हणून यूरिक अॅसिड तपासलं जातं. कुणी मुरगळला असेल म्हणून क्रेप बँडेज बांधून देतं. एक्स-रे सुरुवातीला अगदी स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे सगळेच निर्धास्त होतात. माणूस चालत राहतो आणि आत पावलाची हाडं मोडत, सरकत जातात. काही महिन्यांत तळव्याची कमान खचते आणि तळवा मधोमध खाली फुगतो.

याला 'शार्को सांधा' म्हणतात. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा समोर होते ते उपदंशाने (सिफिलिसने) मज्जारज्जू बिघडलेले रुग्ण. मधुमेहाशी त्याचा संबंध 1936 मध्ये मांडला गेला आणि आज मधुमेह हेच त्याचं सर्वांत मोठं कारण आहे. वेदना कळवणाऱ्या नसा निकामी झाल्या की बारीकशी चीर पडलेल्या हाडावरही माणूस पूर्ण वजन टाकतो. शिवाय रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या नसाही गेलेल्या असतात. मग पायात रक्त जोरात वाहतं आणि दाह पेटून हाड झपाट्याने झिजतं. म्हणूनच अशा पावलाची नाडी बहुधा ठणठणीत लागते.

ओळखायचं कसं? रुग्णाला आडवं झोपवून पाय पाच-दहा मिनिटं वर धरायचा. शार्कोची लाली बरीचशी ओसरते, जंतुसंसर्गाची सहसा तशीच राहते. एवढ्यावर निकाल देता येत नाही, पण दिशा कळते. दोन्ही पावलांचं तापमान मोजायचं, 2 अंश सेल्सिअसहून जास्त फरक असेल तर संशय बळावतो. मग रुग्णाला डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा. धागा वाकलाय, आणि रुग्ण विचारतोय, 'लावला का?' तेवढ्यात बरंच समजतं. एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआयमध्ये हाडांच्या आतली सूज दिसते.

हाच प्रकार खांद्यात झाला तर कोडं आणखी अवघड. एक्स-रेत दंडाच्या हाडाचा गोल माथा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. गाठ असेल की क्षयरोग, असा विचार आधी येतो. अशा वेळी हाताची बोटं नीट पाहावीत. तव्याच्या चटक्यांचे जुने डाग असतील, कापसाचा स्पर्श कळत असेल पण टाचणी टोचलेली कळत नसेल, तर दोष बहुधा मानेतल्या मज्जारज्जूत असतो. तिथे मधोमध पाण्याची पोकळी तयार झालेली असते. वेदना आणि उष्णता सांगणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्याजवळून एका बाजूकडून दुसरीकडे जातात, म्हणून ते आधी तुटतात. स्पर्शाचे बरेचसे तंतू मागच्या बाजूने वर जातात, ते वाचतात. इथे खांद्याचे कितीही फोटो काढले तरी उत्तर मानेच्या एमआरआयमध्येच सापडतं.

पावलाचा उपचार म्हणजे तळव्यापासून गुडघ्याखालपर्यंत अंगाबरोबर बसणारं प्लास्टर. बधिर पायांसाठी ते वापरण्याची रीत मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाच्या कामात रुजली. तमिळनाडूतल्या वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या तळव्यांच्या जखमांसाठी ते वापरलं. कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्याने होणाऱ्या इजांनी झिजतात, हे त्यांनीच ठासून सांगितलं.

सूज उतरली की प्लास्टर सैल होतं, म्हणून ते वरचेवर बदलावं लागतं. हे महिनोन्‌महिने चालतं. घरात सगळ्यांचा धीर सुटतो, 'दुखत नाही तर काढा की ते' असा तगादा लागतो. ते काढायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टर पुन्हा दोन्ही पावलांचं तापमान मोजतात आणि एक्स-रे बघतात.