मधुमेही आहार, कोकणातील

मधुमेहाचे, मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचे, निदान झाल्यावर रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी कोकणी जेवणात करावयाचे बदल. येथे कोकण म्हणजे पालघर ते सिंधुदुर्ग हा पट्टा व त्याला लागून असलेला गोवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात (२६.४ टक्के) आढळले.

उपाशीपोटी साखर १२६ मिग्रॅ./डेलि. (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे स्पष्ट नसल्यास चाचणीने पुन्हा खात्री करतात. उपचाराचे उद्दिष्ट बहुतेक प्रौढांत उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या खाली व एचबीए१सी ७ टक्क्यांच्या खाली असे असते. वृद्धांसाठी ते सैल ठेवतात.

पथ्याची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेचा काळ निश्चित नाही. तिचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे. तीत प्रमेहाची (मधुमेहासह लघवीच्या अनेक विकारांची आयुर्वेदीय संज्ञा) कारणे म्हणून बैठे सुख, अति झोप, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ आणि पाण्यातील व पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे मांस सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यजन्य असे दोन भेद आहेत. काही अभ्यासक त्यांत आजच्या मधुमेहाचे पहिला व दुसरा प्रकार पाहतात. प्रमेह ही वीस विकारांना कवेत घेणारी संज्ञा असल्याने हे समीकरण जपूनच स्वीकारावे लागते. कोकणापुरता खरा प्रश्न माशांचा आहे. वरील वचनाच्या आधारे मासे वर्ज्य करण्याचा सल्ला आजही दिला जातो. माशात कर्बोदके जवळजवळ नसतात आणि बांगडा, तारली यांच्या तेलात ओमेगा-३ मेदाम्ले असतात. त्यामुळे आधुनिक आहारशास्त्र मासे चालू ठेवण्याच्या बाजूचे आहे व तेच मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र रव्यात घोळून भरपूर तेलात तळलेली तुकडी व तिच्यासोबत वाढत जाणारा भात हा वेगळा हिशेब आहे.

प्रमेहात प्राचीन ग्रंथांनी जवाला प्राधान्य दिले. कोकणात ती जागा वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरील नाचणीने घेतली. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील. ती भारतात इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात आली असे काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात; काहींच्या मते त्या काळचे म्हणून दाखवले जाणारे बरेच दाणे दुसऱ्याच तृणधान्यांचे आहेत. तिच्या कर्बोदकांच्या आकड्यांतही तफावत आहे. जुन्या राष्ट्रीय कोष्टकांत १०० ग्रॅमला ७२ ग्रॅम, तर २०१७ च्या कोष्टकांत सुमारे ६७ ग्रॅम. नव्या पद्धतीत सर्व आहारतंतू (सुमारे ११ ग्रॅम) वजा केले जातात, हे या फरकाचे मुख्य कारण. म्हणजे नाचणी तंतू व कॅल्शियम यांबाबत तांदळाहून सरस असली, तरी ती साखर न वाढवणारे धान्य नव्हे. बारीक दळलेल्या पिठाची पातळ आंबील भाकरीपेक्षा लवकर पचते.

उकड्या तांदळाने साखर वाढत नाही, असाही गैरसमज आहे. हा तांदूळ करण्यासाठी भात (साळ) भिजवून, वाफवून व वाळवून मग सडतात. वाफेने स्टार्च फुगतो, थंड होताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचनेत बसतो आणि पचनाला अधिक वेळ घेतो. कोंड्यातील ब जीवनसत्त्वेही दाण्यात उतरतात. टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकावर (पदार्थ रक्तातील साखर किती चढवतो याचे माप; ५५ व त्याखाली कमी, ७० व त्यावर जास्त) उकडा तांदूळ बहुधा पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या खाली येतो. पण जात, ॲमिलोज या स्टार्चच्या घटकाचे प्रमाण व उकडण्याची तीव्रता यांनुसार आकडा बराच बदलतो. शिवाय पेजेसाठी तोच तांदूळ दाणा फुटेपर्यंत शिजवतात, तेव्हा हा लाभ कमी होतो. निर्देशांकापेक्षा वाटी मोजणे महत्त्वाचे. शिजलेल्या भाताच्या १५० ग्रॅमच्या वाटीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात आणि ५० ग्रॅम तांदळाच्या पिठाच्या भाकरीतही जवळपास तेवढीच. दोन्ही एकाच ताटात घेणे, ही या प्रदेशातील सर्वांत सामान्य चूक म्हणता येईल.

नव्या रुग्णाला ‘भात बंद’ असे सांगून घरी पाठवणे योग्य नाही. तो सल्ला फार दिवस पाळला जात नाही आणि पथ्यावरचा विश्वासच उडतो. एक वाटी भात, कुळथाची पिठी किंवा चवळीची उसळ, माशाचे तिखले, टाकळा, शेवग्याचा पाला किंवा लाल माठ ही भाजी, असे ताट कोकणी घराला परके नाही. भाजी व मासे आधी आणि भात शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान चाचण्यांत दिसले आहे. नारळाने साखर फारशी वाढत नाही, पण त्यातील संपृक्त मेद व उष्मांक यांमुळे वाटण बेताचेच हवे. कोणते जेवण सोसते हे ग्लुकोमीटरने जेवणापूर्वी व दोन तासांनी पाहावे. निदानाच्या वेळीच डोळे, पाय व लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) यांची तपासणी आवश्यक असते.

हापूसमध्ये १०० ग्रॅम गराला सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. साखर आटोक्यात असल्यास अर्धा आंबा भाताच्या किंवा भाकरीच्या बदल्यात चालतो, आमरस-पुरी नव्हे. कच्च्या फणसाची भाजी व पिकलेले गरे यांत मोठे अंतर आहे. हिरव्या फणसाच्या पिठावर श्रीकाकुळम येथे ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२१) एचबीए१सी घटले, परंतु चाचणी लहान होती. जांभळाच्या बियांची ख्याती मोठी असली तरी माणसांवरील पुरावा तोकडा आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहावर झालेल्या चाचणीत गुण आढळला नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात सुके बांगडे व सुकट खाल्ली जाते. तिच्यातील मीठ रक्तदाब असलेल्यांना बाधते. भिजवून पाणी टाकल्याने ते काहीसे उतरते. श्रावणी उपवासांतला साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून मात्रा बदलल्याशिवाय निर्जळी किंवा एकभुक्त उपवास करू नये. घाम, थरथर किंवा गोंधळलेपण जाणवून साखर ७० च्या खाली असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर घातलेले कोकम सरबतही चालते. नारळाची वडी नको, कारण तिच्यातील मेदामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. रुग्ण शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही न घालता त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.