पत्र्याखालची शाळा, लिंबाखालची सावली

"मामा, उद्या गुड्डीला शाळेत धाडू का नको?"

परभणीजवळच्या एका खेड्यातून भाचीचा फोन होता. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्याची बातमी टाकली होती, तिच्याखाली 'इक्विनॉक्समुळे अंगातलं पाणी आटतं' हा दरवर्षीचा मेसेज, आणि त्याच्याखाली खिशात कांदा ठेवण्याचा सल्ला. गुड्डी दुसरीत आहे. मी विचारलं, "शाळेवर पत्रे आहेत का स्लॅब?"

"मी ऊन किती आहे ते सांगतेय, तुम्ही पत्र्याचं काय विचारता?" भाची वैतागली.

फोनवर तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी तो बातमीतला आकडा. हवामान खात्याच्या हिशेबात मराठवाडा हा एक स्वतंत्र उपविभाग आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेलं आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असलं, की उष्णतेची लाट. फरक ६.४ च्या वर गेला की तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला टेकला तरी लाटच. आता मे महिन्यात परभणी-नांदेडकडची सरासरीच चाळिशीच्या पलीकडे असते. त्यामुळे ४३ अंशांचा दिवससुद्धा कागदावर लाट ठरत नाही, आणि "लाट नाही म्हणतात, मग शाळा भरवा" असा अर्थ काढायला माणसं मोकळी होतात. पोराच्या अंगाचा सरासरीशी काही संबंध नसतो.

शिवाय हा आकडा मोजतात कुठं? फटीफटींच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, पूर्ण सावलीत आणि खेळत्या हवेत. हवेचं तापमान मोजायची तीच बरोबर पद्धत आहे. पण गुड्डी काही त्या पेटीत बसून पाढे म्हणत नाही.

शिकवत होतो तेव्हा मुलांना एक खेळ करून दाखवायचो. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर घेऊन दुपारी साडेबाराला आधी अंगणातल्या कडुलिंबाखाली धरायचा, मग पत्र्याच्या वर्गात. फरक मुलांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघायचा. "गुरुजी, थर्मामीटर बिघडलाय," हे ठरलेलं उत्तर. कारण लिंबाखाली बरं वाटतं आणि वर्गात टाळू तापते, हे त्यांना अंगानं कळत होतं. मग दुसरा थर्मामीटर काढायचो. टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून त्यात थर्मामीटरचा फुगा बसवलेला, आणि चेंडूला बाहेरून काळाकुट्ट रंग. लिंबाखाली दोन्ही थर्मामीटर जवळजवळ सारखे चालायचे. पत्र्याखाली चेंडूतला पारा दुसऱ्याला मागं टाकून सरसर वर जायचा. हवा तीच, खोली तीच. चेंडूला जे कळलं ते नुसत्या थर्मामीटरला का कळलं नाही?

उष्णता तीन वाटांनी जाते हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं: वहन, अभिसरण, प्रारण. पहिल्या दोन वाटा लक्षात राहतात, कारण तवा आणि उकळतं पाणी रोज डोळ्यासमोर असतं. तिसरी सूर्यापुरती आहे असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक वस्तू, अगदी बर्फाची लादीसुद्धा, सतत किरणं फेकत असते. आपल्या रोजच्या तापमानांना ती अवरक्त असतात, डोळ्यांना न दिसणारी. चुलीपुढे बसल्यावर पाठीला गार वारा लागत असला तरी तोंड भाजतं ते याच किरणांमुळे. वाटेतल्या हवेला ती फारशी तापवत नाहीत, थेट अंगावर येऊन पडतात. बारीक फुग्याच्या थर्मामीटरवर भोवतालच्या हवेचाच अंमल चालतो, म्हणून त्याला ती नीट सापडत नाहीत; मोठ्या काळ्या चेंडूला सापडतात. आपली कातडी, गोरी असो की सावळी, अवरक्त किरणांपुरती त्या काळ्या चेंडूसारखीच असते.

किती किरणं बाहेर पडतात, याचा नियम भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडला: केल्विनमधल्या (म्हणजे आपल्या अंशांत २७३ मिळवलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. बोल्ट्झमान यांनी पाच वर्षांनी त्याला सैद्धांतिक पाया दिला. हा चौथा घात म्हणजे माझा लाडका प्राणी, म्हणून जरा गणित करू देत.

भर दुपारी जुना, गंजलेला पत्रा सहज साठीच्या घरात तापतो. ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन. त्याचा चौथा घात करून स्टेफानच्या स्थिरांकानं गुणलं, की दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट येतात. गुड्डीची कातडी ३५ अंशांची, ३०८ केल्विन. ती उलट ५१० वॅट परत फेकते. वजाबाकी केली की निव्वळ सुमारे १८७ वॅट तिच्याकडे. आता छत ६० ऐवजी ४० अंशांचं घ्या. ते ५४४ वॅट फेकतं, वजाबाकी ३४. छताच्या तापमानात फरक वीस अंशांचा, आणि अंगावर येणाऱ्या उष्णतेत साडेपाच पट!

वीस किलोच्या पोराच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण ०.८ चौरस मीटर. खाली बसल्यावर त्यातलं पाव चौरस मीटर तरी छताकडे तोंड करून असतं: डोकं, खांदे, पाठ, मांड्या. म्हणजे पत्र्याकडून आले ४७ वॅट. आणि हे पोर बसल्या जागी स्वतःच्या अंगात किती उष्णता तयार करतं? साधारण ४५ वॅट. थोडक्यात, त्या पत्र्यानं गुड्डीच्या अंगात आणखी एक गुड्डी बसवली. दोघींची उष्णता बाहेर काढायची जबाबदारी एकीच्याच घामावर.

कारण बाहेरची हवाच ४० अंशांच्या वर असली की हवेकडूनही उष्णता अंगात येते. बाहेर जायची वाट एकच उरते, घामाची वाफ. एक लिटर घाम वाळायला अंगातली सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्च होते. फक्त पत्र्याकडून आलेले ४७ वॅट फेडायला तासाला ७० मिलिलिटर घाम हवा. अशा तापल्या पत्र्याखाली चार तास बसलं तर पाव लिटरहून जास्त पाणी तेवढ्यावरच गेलं. पंखा घाम वाळवायला मदत करतो, किरणं मात्र अडवत नाही.

लहान मुलांचं आणखी एक आहे. वजनाच्या मानानं त्यांची कातडी जास्त असते, मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट. थंडीत म्हणून ती लवकर गारठतात, आणि भोवताल कातडीपेक्षा गरम झाला की लवकर तापतात. घामही कमी येतो. मात्र मुलं मुळातच उन्हाला अगदी नाजूक असतात हे जुनं मत आता तितकं पक्कं राहिलेलं नाही. अमेरिकन बालरोग अकादमीनं २०११ मध्ये स्पष्ट केलं की पुरेसं पाणी पोटात असलं तर खेळतानाही मुलं मोठ्यांइतकंच निभावतात. अडचण 'पुरेसं पाणी' या दोन शब्दांत आहे. पोर खेळात असलं की तहान विसरतं, आणि ज्या शाळेत मुतारी धड नाही तिथल्या मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत.

आपल्याकडची हवा कोरडी असते हे एक नशीब. ४२ अंशांना हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेला थर्मामीटर २२ अंशांपर्यंत उतरतो. आपला माठ याच जोरावर चालतो. तीच आर्द्रता ४० टक्के झाली तर ओलं फडकं ३० अंशांवरच अडतं, मग माठ गार होत नाही आणि अंगही होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. आमच्याकडे ३८ ला कुणी ऊन म्हणत नाही. पण डोक्यावर उघडं ऊन, भोवती गर्दी आणि हवेत समुद्राचा दमटपणा, हे गणित निराळं. मेच्या शेवटी वळवाचे दोन शिंतोडे पडून गेल्यावर पारा दोन अंश उतरला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये, ते याचसाठी.

आता कांदा. खिशातला कांदा ना किरणं अडवतो, ना घाम वाढवतो. 'कांदा उष्णता ओढून घेतो' म्हणणाऱ्यानं पत्र्याच्या खोलीत कांद्याची पोती रचून वर्ग गार करून दाखवावा, मी हार घालायला येतो. तोच कांदा भाकरीबरोबर खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायलं तर त्या पाण्याचा उपयोग होईल. 'इक्विनॉक्स'चा मेसेज तर कांद्यापेक्षाही पोकळ. इक्विनॉक्स म्हणजे विषुवदिन, दिवस-रात्र सारखे असण्याचा; तो मार्चमध्येच होऊन गेलेला असतो आणि त्यानं कुणाच्या अंगातलं पाणी आटत नाही. आणखी एक, ही श्रद्धा शिकलेल्यांची: ऊन लागून अंग तापलं की तापाची गोळी. तापात मेंदू स्वतःच अंगाचं ठरलेलं तापमान वाढवतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूनं काही वाढवलेलंच नसतं, अंगच हरलेलं असतं. तिथं गोळी कुचकामी. पोर बरळायला लागलं, शुद्ध हरपायला लागली की सावलीत घ्या, कपडे काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

पत्र्याकडे परत येतो. आपल्याकडे पूर्वी पत्रा कुठं होता? माळवदं होती. जाड भिंती, सागवानी तुळया, वर फूटभर माती. मातीतून उष्णता सावकाश उतरते. फूटभर थर ओलांडायला तिला दहाएक तास लागतात, आणि खाली पोचेपर्यंत तिचा जोर बारा-तेराव्या हिश्श्यावर येतो. दुपारी दोनचं ऊन घरात पोचायचं मध्यरात्री, तेही मेल्यासारखं, तोवर माणसं बाजा घेऊन वर चांदण्यात गेलेली. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्याच दगडी भिंती आणि त्याच मातीच्या छतांखाली लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं गाडली गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमत होईल? लोक पत्रा आणि स्लॅबकडे वळले ते रास्तच होतं. पण भूकंपाला हलका असलेला पत्रा उन्हालाही हलकाच. त्याला उष्णता साठवता येत नाही. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो, ढग आला की निवतो.

पोरांना शाळेत धाडायचं की नाही याचं उत्तर इथं लपलेलं आहे. हवेचं कमाल तापमान येतं दुपारी तीन-चारच्या सुमारास. पत्र्याचा कळस येतो सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे साडेबाराच्या आगेमागे. सकाळी साडेदहालाच तो चटके द्यायला लागतो, तेव्हा मोबाइलवर तापमान अजून ३६ दिसत असतं. स्लॅबचं उलटं. चार-पाच इंची काँक्रीटमधून उष्णता उतरायला साडेतीनेक तास लागतात, म्हणून स्लॅबची खोली बारापर्यंत सुसह्य असते आणि संध्याकाळी पाच ते आठ भट्टी. २०२५ मध्ये राज्यानं उन्हाळ्यापुरत्या प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ ठेवल्या. स्लॅबच्या शाळेला ही वेळ ठीक आहे. पत्र्याच्या शाळेला शेवटचा तास जड जातो, आणि ज्याला वस्तीवर दोन किलोमीटर चालत जायचंय त्याची घरची वाट भर उन्हात पडते. मला विचाराल तर पत्र्याच्या शाळा साडेदहाला सुटाव्यात, मग बाहेर लाट जाहीर झालेली असो वा नसो.

आणि घरी ठेवायचं म्हणजे कुठं? गुड्डीच्या घरावरही पत्राच आहे. आई-बाप सकाळीच कामाला गेलेले. घरातलं पोर घरात बसत नाही, ते शेळ्यांमागं जातं, नाहीतर विहिरीवर पोहायला, आणि शाळेतली खिचडी बुडते ती वेगळीच. ताप, जुलाब, उलट्या असतील, किंवा आदल्या दिवशी ऊन लागून आलं असेल, तर खुशाल घरी ठेवा. धडधाकट पोराला सकाळच्या सावलीतल्या शाळेपेक्षा दुपारचं रिकामं घर जास्त धोक्याचं.

छतावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: चुना. ताजा चुना उन्हाचा पाऊण भाग परत फिरवतो, गंजका पत्रा जेमतेम तिसरा हिस्सा. "मग नवा चकचकीत पत्रा का नको?" असं एकदा एका सरपंचांनी विचारलं होतं. प्रश्न झकास आहे. चकचकीत धातू ऊन परतवतो खरा, पण जे शोषतो ते अवरक्त रूपात बाहेर टाकायला कंजूष असतो. चुना दोन्हीकडून उदार: दिसणाऱ्या उजेडाला पांढरा आणि अवरक्त किरणांना जवळजवळ काळा, म्हणून आलेली उष्णता आकाशाकडे फेकूनही देतो. धातूची कंजुषी खालच्या बाजूला मात्र कामाची. पत्र्याला आतून चकचकीत फॉइल लावलं तर तो तापला तरी पोरांवर किरणं कमी फेकतो. तेही नको असेल तर कडबा, तुराट्या, उसाचं पाचट पत्र्यावर अंथरा, आगीची काळजी घेऊन. पत्र्यावर पाणी मारा असं कुणी सुचवलं तर त्याला सांगा, २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं.

लिंबाचं कोडं राहिलंच. लिंबाचं पान पानातल्या पाण्याची वाफ सोडत राहतं, म्हणून भर उन्हातही हवेच्या तापमानाजवळच राहतं. लिंबाखाली बसलेल्याला वर चाळिशीतलं छत असतं, पत्र्याखालच्याला साठीतलं. १८७ आणि ३४ मधला फरक तो हाच.

चार दिवसांनी भाचीचा पुन्हा फोन आला. गुरुजींनी दुसरीचा वर्ग अंगणात लिंबाखाली घ्यायला सुरुवात केली होती. गुड्डीची एकच तक्रार होती: दहा वाजले की सावली सरकते आणि फळा उन्हात जातो.

"मग फळा उचलून सावलीत न्या म्हणावं."

"तेच करतात मामा. पण दरवेळी फळा धरायला हिलाच उभी करतात."