पार्श्वभूमी : बधिर निर्वासित आणि ‘भाषा’ हा रकाना

निर्वासित कुटुंब अमेरिकेत उतरले की पहिल्या काही दिवसांतच पुनर्वसन संस्थेच्या कार्यालयात त्याची नोंद होते आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना भरला जातो : भाषा. नेपाळमधील छावण्यांतून आलेल्या भूतानी कुटुंबात वडिलांना एकदा विचारले, त्यांनी ‘नेपाळी’ असे सांगितले, की आजीपासून शेंडेफळापर्यंत सर्वांपुढे तेच लिहिले जाणे ओघाने आले. त्यांच्यात एखादी जन्मतः बधिर मुलगी असेल तर तिच्या नावापुढेही ‘नेपाळी’च लागते. पुढे ती दवाखान्यात गेली की संगणकावरची नोंद पाहून तिच्यासाठी नेपाळी दुभाषी बोलावला जातो, आणि तोही पुष्कळदा फोनवरचा. फोनमधून आवाज येतो, डॉक्टर मुलीकडे पाहतात, मुलगी आईकडे पाहते, आई पोटावर हात ठेवून दोन बोटे दाखवते, मुलगी मान हलवते, आणि केसपेपरवर रुग्णाला सूचना समजल्याची नोंद होते. बधिर निर्वासित आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आज काही शहरांत जे साहाय्य उभे राहिले आहे ते समजून घ्यायचे तर सुरुवात या रकान्यापासून करावी लागते, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्याच नोंदीतून निघाल्या आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १८८२ च्या अमेरिकी कायद्याने स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आणि म्हणून सरकारवर भार होऊ शकणाऱ्या परदेशी माणसाला प्रवेश नाकारण्याची तरतूद केली, तर १९०७ च्या कायद्याने ज्याच्या शारीरिक व्यंगामुळे कमाईवर परिणाम होऊ शकेल अशालाही त्यात ओढले. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १८९२ पासून जी तपासणी होई तिच्यात बधिर शिंपी, बधिर चांभार, बधिर छापखाना-कामगार हे हातात कसब असूनही अडवले जात. कुणाला नातेवाइकांनी हमीची रक्कम भरल्यावर आत घेतले जाई, तर कुणाला आल्या बोटीने परत धाडले जाई. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिरांच्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून बोलण्याच्या शिक्षणाचा पुरस्कार केला होता, आणि त्या ठरावाची छायाही या काळावर होतीच. ज्या बधिरांना व्यापारी विमा कंपन्या दारात उभे करीत नसत त्यांनी १९०१ मध्ये आपसांत वर्गणी काढून स्वतःचे विमा मंडळ उभारले. बधिरांनीच बधिरांना हात देण्याची परंपरा अशी जुनी आहे.

निर्वासितांच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९८० चा. त्या वर्षीच्या निर्वासित कायद्याने ‘सरकारवर भार’ ही अट निर्वासितांना लागू होणार नाही असे ठरवले, आणि बधिर माणसाला निर्वासित म्हणून येण्याचा मार्ग कायद्याने तरी मोकळा झाला. आल्यानंतर त्याच्याशी बोलणार कोण, हा प्रश्न मात्र त्या कायद्यात नव्हता.

या प्रश्नाचे खरे स्वरूप भूतानी निर्वासितांच्या आगमनानंतर अनेक शहरांना एकदमच कळले. १९९० च्या सुमारास दक्षिण भूतानमधून बाहेर काढले गेलेले हे नेपाळीभाषक लोक पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत जवळजवळ दोन दशके राहिले. २००८ पासून त्यांपैकी एक लाखाहून अधिक लोकांचे तिसऱ्या देशांत पुनर्वसन झाले आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आले : ओहायोतील कोलंबस व अ‍ॅक्रन, पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग, व्हरमाँटमधील बर्लिंग्टन, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर. रॉचेस्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे १८७६ पासून बधिरांची शाळा आहे, १९६८ मध्ये बधिर विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून तांत्रिक महाविद्यालय सुरू झाले, आणि लोकवस्तीच्या मानाने बधिरांची संख्या त्या शहरात फार मोठी आहे. म्हणजे एकाच शहरात एका बाजूला शिकलेला, संघटित, स्वतःची भाषा असलेला बधिर समाज होता आणि दुसऱ्या बाजूला नुकतेच आलेले, कधी शाळेत न गेलेले बधिर निर्वासित होते. या दोघांची गाठ पडली ती कार्यालयांमुळे नव्हे. ती पडली किराणा दुकानात, बसथांब्यावर, एकाने दुसऱ्याचे हात पाहिले म्हणून.

येथे एका शब्दाचा गुंता सोडवणे भाग आहे. मराठीत आपण ‘खुणांची भाषा’ असे सरसकट म्हणतो आणि त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली गोष्ट म्हणजे सांकेतिक भाषा. तिला व्याकरण असते, शब्दसंग्रह असतो, ती पिढ्यांमधून चालत येते, आणि ती देशोदेशी वेगळी असते. काठमांडूत १९६६ मध्ये बधिरांची शाळा निघाली आणि पुढे तिच्या आसपासच्या बधिर समाजात नेपाळी सांकेतिक भाषा रुजली. तिची बोटांनी दाखवायची वर्णमाला देवनागरीवर बेतलेली आहे, तर अमेरिकी सांकेतिक भाषेची वर्णमाला रोमन अक्षरांची आणि एका हाताची आहे. (महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या बधिर तरुणालाही हा फरक जाणवतोच, कारण आपल्याकडे रोमन अक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात; पण तो सहसा शिकून, व्हिसावर आणि एक भाषा पदरी घेऊन गेलेला असतो, म्हणून त्याची गणती या प्रश्नात करणे योग्य नाही.) पश्चिम आफ्रिकेत १९५७ पासून एका बधिर अमेरिकी धर्मप्रचारकाने शाळांची साखळी उभारली, आणि त्यामुळे त्या भागातून आलेल्या काही निर्वासितांच्या खुणा अमेरिकी भाषेच्या बऱ्याच जवळच्या असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घरच्या खुणा. शाळा नाही, दुसरा बधिर माणूस गावात नाही, अशा घरात मूल आणि आई मिळून जे हातवारे तयार करतात ते. मिशीला पीळ दिला की काका, कपाळावर बोट टेकवले की टिळा लावणारी आजी, मनगट दाबले की औषध. या खुणा त्या चार भिंतींत पुरतात, बाहेर कुणालाच कळत नाहीत, आणि त्यांत ‘गेल्या वर्षी’, ‘कदाचित’, ‘कायदा’ अशा कल्पना मांडणे फार अवघड असते. घरच्या खुणा जाणणाऱ्या माणसाला ‘सांकेतिक भाषा येते’ असे लिहिणे चूक आहे आणि ‘भाषाच नाही’ असे लिहिणेही चूक आहे. अभ्यासक ‘भाषावंचना’ हा शब्द वापरतात आणि लहानपणी कोणतीच पूर्ण भाषा न मिळाल्यास पुढे ती शिकणे कठीण होते, हे त्यांचे म्हणणे आता व्यापकपणे मान्य आहे. परंतु ही वंचना म्हणजे आजार आहे, की शाळा न मिळाल्याचा परिणाम आहे, यावर एकमत नाही. हा वाद केवळ पंडितांचा नाही. नागरिकत्वाच्या अर्जात त्याला फार मोठी किंमत आहे.

त्याआधी कायद्याची दुहेरी वाट पाहिली पाहिजे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला दुभाषी मिळण्याचा आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात होता आणि २००० सालच्या अध्यक्षीय आदेशाने तो स्पष्ट केला. बधिर माणसाला सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळण्याचा आधार १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात आणि १९९० च्या अपंग हक्क कायद्यात आहे. बधिर मुलीची आई पहिल्या वाटेने येते, मुलगी दुसऱ्या. निर्वासितांच्या कार्यालयाला वाटते की बधिरत्व हा अपंग सेवेचा विषय, आणि अपंग सेवेला वाटते की हे प्रकरण निर्वासितांचे. शाळेत मुलीबद्दलची बैठक भरते तेव्हा इंग्रजी-नेपाळी आणि इंग्रजी-अमेरिकी सांकेतिक असे दोन दुभाषी लागतात, आणि तेवढ्याने आई आणि मुलगी एकमेकींशी बोलू शकतील असे नाही.

ही कोंडी फोडली ती बधिर दुभाष्यांनी. स्वतः बधिर असलेला, लहानपणापासून अनेक तऱ्हेच्या खुणा पाहत वाढलेला माणूस ऐकू येणाऱ्या दुभाष्याच्या जोडीला बसतो. ऐकू येणारा दुभाषी इंग्रजीचे अमेरिकी सांकेतिक भाषेत रूपांतर करतो आणि बधिर दुभाषी ते अभिनयाने, चित्राने, वस्तू दाखवून, समोरच्याच्या घरच्या खुणा उचलून त्याच्यापर्यंत नेतो. ‘जेवणानंतर दिवसातून दोनदा गोळी’ एवढे सांगायला कागदावर उगवता सूर्य, ताट, गोळी, मग चंद्र, पुन्हा ताट, पुन्हा गोळी असे काढले जाते, आणि मग रुग्णाकडून तेच उलट करून घेतले जाते. वेळ तिप्पट लागतो. पैसे दोघांचे द्यावे लागतात. हाच मुद्दा पुढे करून अनेक ठिकाणी एकाच दुभाष्यावर भागवले गेले, किंवा घरातील दहा-बारा वर्षांच्या ऐकू येणाऱ्या भावंडाला मध्ये बसवले गेले. बापाच्या आजाराचे निदान त्या मुलाला आधी कळावे आणि ते आईला कसे सांगायचे हे त्यानेच ठरवावे, ही गोष्ट कोणत्याही हिशोबाने योग्य ठरत नाही.

आता नागरिकत्व. १९९६ च्या कल्याण सुधारणा कायद्याने निर्धन अपंगांना केंद्राकडून मिळणारे मासिक अर्थसाहाय्य निर्वासितांसाठी पाच वर्षांपुरते मर्यादित केले आणि पुढच्याच वर्षी ती मुदत सात वर्षे झाली. या सात वर्षांत नागरिकत्व मिळाले नाही तर साहाय्य थांबते. नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनंतर करता येतो, म्हणजे हातात उरतात दोन वर्षे, आणि परीक्षा आहे इंग्रजीची व अमेरिकेच्या इतिहास-राज्यव्यवस्थेची.

१९९४ च्या दुरुस्तीने शारीरिक किंवा विकासात्मक अपंगत्वामुळे अथवा मानसिक दोषामुळे ज्याला हे शिकता येत नाही त्याला परीक्षेतून सूट दिली. मात्र डॉक्टरने किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने तसे प्रमाणित केले पाहिजे. बधिर निर्वासिताची पंचाईत येथे होते. केवळ बधिरत्व पुरत नाही, कारण बधिर माणसाला परीक्षेत दुभाष्याची सोय मिळू शकते असे अधिकारी म्हणतात. केवळ निरक्षरता पुरत नाही, कारण शाळेत न गेलेला माणूस शिकू शकतो असे नियम मानतो. बधिर असल्यामुळे शाळा मिळाली नाही आणि शाळा न मिळाल्यामुळे भाषा मिळाली नाही, ही साखळी फॉर्मवर मांडायला जागाच नाही. मग डॉक्टर बौद्धिक अक्षमतेकडे वळतो, आणि बोली भाषेवर आधारलेली चाचणी घेऊन एका हुशार माणसाच्या नावापुढे मंदबुद्धीची नोंद होते.

बधिर समाजात यावर उघड मतभेद आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की घरभाडे भरायचे असेल तर प्रमाणपत्र घ्यावे, शब्दांचा विचार नंतर करावा. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की शंभर वर्षे बधिरांना मतिमंद ठरवणाऱ्या व्यवस्थेशी लढल्यानंतर आपणच आपल्या माणसांच्या कपाळी तो शिक्का मारू नये. चित्रे, नकाशे आणि अभिनय यांच्या आधारे वर्ग चालवावेत, आधी अमेरिकी सांकेतिक भाषा, मग थोडे इंग्रजी, मग परीक्षा. अशा वर्गांतून काही जण उत्तीर्ण झाले आहेत, आणि म्हणूनच पंचविशीतल्या माणसाला सरळ प्रमाणपत्राकडे नेणे मला अन्यायाचे वाटते. पण साठीच्या बधिर आजीला वर्गात बसवून सातवे वर्ष उलटू देणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. दोन्ही गटांना ज्या घड्याळाने एकमेकांसमोर उभे केले त्या मुदतीविषयी संसदेत पुन्हा पुन्हा चर्चा झाली, २००८ मध्ये ती तात्पुरती वाढवलीही गेली, परंतु नंतर ती पुन्हा सातवर आली. २००० साली झालेल्या आणखी एका दुरुस्तीने शपथेचा अर्थ समजू न शकणाऱ्याला शपथेतूनही सूट दिली. तिच्या बाबतीतही हाच वाद आहे.

अलीकडच्या घटना झपाट्याने घडल्या. प्रमाणपत्राचा फॉर्म २०२० मध्ये लांबवला गेला, २०२२ मध्ये आटोपशीर झाला आणि २०२५ मध्ये त्याची छाननी पुन्हा कडक झाली. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने निर्वासितांचा प्रवेश थांबवण्यात आला. १ मार्च २०२५ रोजी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना २००० सालचा दुभाष्यांविषयीचा आदेश रद्द झाला. मूळ कायदा कायम आहे आणि बधिरांचे हक्क स्वतंत्र कायद्यावर उभे आहेत, तरी आईसाठी नेपाळी दुभाषी मागताना आता अधिक वाद घालावा लागू शकतो. जुलै २०२५ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळेपर्यंत निर्वासितांना अन्नसाहाय्य मिळणे बंद केले. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी नागरिकत्वाची परीक्षाही बदलली : पूर्वी १०० प्रश्नांच्या संचातून १० विचारत व ६ बरोबर यावे लागत, आता १२८ मधून २० विचारतात व १२ बरोबर यावे लागतात. चित्रांचे जे तक्ते बधिर शिक्षकांनी एकेका प्रश्नासाठी तयार केले होते ते त्यामुळे नव्याने करावे लागत आहेत.

नवे निर्वासित जवळपास येत नसले तरी आधी आलेल्यांचे काम संपलेले नाही. प्रवेश थांबण्यापूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये जे शेवटचे उतरले, त्यांना नागरिकत्वाचा अर्ज साधारणपणे २०३० मध्ये करता येईल आणि त्यांची सात वर्षे जानेवारी २०३२ मध्ये भरतील.