पुढच्या ब्रेकला घाबरायचं किती?

जुन्या काळ्या सायकलवर शिकलेल्या पिढीला एक ताकीद हमखास मिळालेली असते: पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील. भीती खरी आहे. पण तिच्यामुळे कायम फक्त मागच्या ब्रेकवर सायकल थांबवायची सवय लागते, आणि ती जास्त धोक्याची.

आपल्या दांड्यांच्या ब्रेकच्या (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या) सायकलींवर उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, डाव्याला मागचा. ही मांडणी इंग्लंडची. ब्रिटनच्या २०१० च्या नियमांतही नव्या सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हातालाच हवा, असं म्हटलं आहे. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत नेमकं उलट. नेहमी दिलं जाणारं कारण असं की, रस्त्याच्या डाव्या बाजूने जाताना उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढावा लागतो. तेव्हा हँडलवर राहिलेल्या डाव्या हातात मागचा ब्रेक असावा, कारण तो घाईत दाबला गेला तरी सायकल उलटत नाही. मोटरसायकलचा पुढचा ब्रेकही उजव्या हाताला असतो, त्यामुळे एका वाहनाची सवय दुसऱ्यावर चालून जाते.

आता वजनाचं पाहू. ब्रेक लागताच स्वार पुढे ढकलला जातो, मागच्या चाकावरचा भार घटतो आणि त्याची रस्त्यावरची पकडही. म्हणून एकटा मागचा ब्रेक दाबला की चाक लवकर घसरतं. कोरड्या डांबरावर ताशी २० किलोमीटर वेगात एकटा स्वार मागच्या ब्रेकने साधारण सहा मीटरमध्ये थांबतो. पुढचा ब्रेक ठाकठीक असेल आणि नीट दाबला तर तीन-साडेतीन मीटर पुरतात. सायकल उलटते ती ब्रेक एकदम आवळल्यावर, हात सैल असताना. आधी मागचा हलका दाबा, लगेच पुढचा चढत्या जोराने. कोपरं ताठ, बूड मागे. मागचं चाक घसरू लागलं तर पुढचा थोडा सोडा. वाळूत, खडीवर किंवा वळणावर मात्र पुढचा जपूनच. तिथे पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही.

दांडीवर मूल बसवलं असेल तर वजन पुढे येतं आणि सायकल उलटायला कमी जोर पुरतो. डबलसीटला उलटण्याची भीती कमी, पण वजन जवळपास दुप्पट आणि हाताचा जोर तेवढाच, म्हणून थांबायला अंतर जास्त लागतं.

पुष्कळदा दोष सवयीपेक्षा ब्रेकच्या बसवणीत असतो. या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूंना चिमटत नाहीत; आऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी रिमच्या आतल्या कडेवर दाबले जातात. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं आऊट, म्हणजे वाकडं, असलं तरी चालतं, पण वर-खाली आऊट असेल तर दर फेरीला एकाच जागी ब्रेक धरतो. आधी आऊट काढून घ्या, मगच रबर रिमपासून साधारण तीन मिलिमीटरवर ठेवा.

हँडल वर उचललं की दांडे ओढले जाऊन दोन्ही ब्रेक घासू लागतात. दांड्यांवरचे नट सैल करून पुन्हा बसवा. चेन ताणायला मागचं चाक मागे सरकवलं की रिम रबरांकडे सरकते आणि मागचा ब्रेक घासतो. म्हणून चेन आधी, ब्रेक नंतर. रबर बदलताना ते ज्या खोबणीत बसतं तिचं बंद टोक रिम जिकडे धावते त्या बाजूला हवं. उलटं बसवलं तर जोरात दाबताच रबर उघड्या टोकातून निसटतं आणि ब्रेकच उरत नाही. ही चूक फार आढळते, आणि तपासायला फक्त डोळे लागतात.

चेनला दिलेलं तेल मागच्या रिमवर उडतं, ते कोरड्या फडक्याने पुसत जा. पावसात क्रोमच्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसतो आणि पहिल्या दाबाला जवळजवळ काहीच होत नाही. उतारावर किंवा चौकाच्या बरंच आधीपासून दोन्ही ब्रेक हलके टेकवून धरा. रिमच्या काही फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि मग रबर पकडतं.