जुन्या अमेरिकन गाड्या खरंच जास्त सेफ होत्या का?

‘जुन्या अमेरिकन गाड्या जाड पत्र्याच्या, धडक झाली तरी आतल्यांना काही होत नसे’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. १९५९ च्या शेवरले बेल एअरचे ते मागचे पसरलेले पंख, ते क्रोम, मला जाम आवडतं, पण सेफ्टीचं तसं नाही. धडकेचा जोर कुठेतरी जिरावा लागतो, आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपतं आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो, तेव्हा ही सोयच नव्हती, त्यात स्टिअरिंगचा दांडा न दुमडणारा, थेट छातीवर येणारा. २००९ मध्ये हीच बेल एअर आणि शेवरलेचीच तेव्हाची नवी गाडी मालिबू, दोन्ही ताशी ६४ किमीने, समोरासमोर आदळवून बघितल्या. व्हिडिओ नेटवर आहे, स्लो करून ड्रायव्हरचा दरवाजा बघा, बेल एअरची केबिनच दुमडते, मालिबूची जवळपास तशीच राहते.